दिवसाला किती मेल? माझ्याकडे तीन उत्तरं आहेत

टपालहशील | सोमवार, रात्री १०:४२

मंडळी, बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

सांगलीत एका शिक्षणसंस्थेचा संगणक विभाग बघतो. विभाग म्हणजे मी एकटाच. प्रोजेक्टर लागत नाही इथपासून मेल पोचला नाही इथपर्यंत सगळं माझ्याच अंगावर. मेल सर्व्हर आमचा स्वतःचा आहे: मेलची ने-आण करायला पोस्टफिक्स, पेट्या सांभाळायला डवकॉट आणि मध्ये स्पॅमच्या गाळणीला अमॅविस. पेट्या साधारण २४०. माझ्याआधीच्या माणसाने बसवलाय आणि तो आता फोन उचलत नाही.

आज सचिवसाहेबांनी बोलावून विचारलं, "आपण दिवसाला किती मेल पाठवतो?" त्यांना कुणा सल्लागाराने सांगितलंय की जीमेलवर दिवसाला ५,००० च्या वर मेल गेले की नवे नियम लागू होतात. मी म्हटलं, तासाभरात सांगतो. सकाळी ११ ला म्हटलं होतं. आता रात्रीचे पावणेअकरा झालेत आणि माझ्याकडे कालच्या, म्हणजे रविवारच्या, दिवसाची तीन उत्तरं आहेत:

फायरवॉलचा अहवाल म्हणतो, पोर्ट २५ वर (मेल आत यायचं दार) ११,४०० कनेक्शन.

लॉगवर (सर्व्हरच्या नोंदवहीवर) पीएफलॉगसम हे बेरजा काढणारं साधन चालवलं तर: रिसीव्ह्ड ४,०१०, डिलिव्हर्ड ९,६२०, डिफर्ड ३१, आणि त्यापुढे कंसात ११,८७२ डिफरल्स.

ग्राफानाच्या (आलेख दाखवणाऱ्या) पडद्यावर 'एकूण मेल' नावाची चौकट आहे, तिथे १८,३७,००० दिसतात. आणि आकडा बघता बघता वाढतो.

यातलं साहेबांना काय सांगू?

खवट_म्हातारा | सोमवार, रात्री १०:५८

२४० पेट्यांसाठी स्वतःचा सर्व्हर? घरच्या दुधासाठी म्हैस पाळलीत. देऊन टाका कुणाला तरी भाड्याने आणि झोपा.

टपालहशील | सोमवार, रात्री ११:०३

म्हैस मी नाही पाळली काका, दावणीला बांधलेली मिळाली. धार काढायला मात्र मलाच बसावं लागतं.

रात्रपाळी | सोमवार, रात्री ११:२०

फायरवॉलचा आकडा आधी कचऱ्यात टाका. कनेक्शन म्हणजे मेल नव्हे. पोर्ट २५ उघडं ठेवलं की जगभरातले बॉट येऊन दार ठोठावतात. निम्मे हॅलो म्हणून पळतात, काही ब्लॉकलिस्टमुळे दारातच अडतात, काही अस्तित्वातच नसलेल्या पत्त्यांवर नशीब आजमावतात. उलट एकाच कनेक्शनवरून पाच-पाच मेलही येतात. फायरवॉलला मेल कळतच नाही, त्याला फक्त नेटवर्कची पाकिटं (पॅकेट्स) कळतात.

पोस्टफिक्स ३.० पासून डिसकनेक्टच्या ओळीत त्या कनेक्शनचा हिशोब लिहिलेला असतो, किती हॅलो, किती रिसिपियंट, किती कमांड. तिथे 'ऑथ=०/१' दिसलं तर समजायचं की लॉगिनचा एक प्रयत्न झाला आणि फसला. त्या ओळी किती आहेत ते सवडीने बघा, झोप उडेल.

उसगावची_आत्या | सोमवार, रात्री ११:४७

(माझ्याकडे अजून दुपार आहे, ऑफिसच्या वेळात प्रतिसाद देतेय, संपादकांनी कुणाला सांगू नये.)

ग्राफानाच्या १८ लाखांबद्दल. चौकट ज्याने बनवली त्याने कच्चा काउंटर थेट पडद्यावर लावलाय. प्रोमिथियस, म्हणजे ग्राफानामागे आकडे गोळा करणारी प्रणाली, त्यातला काउंटर हा गाडीच्या किलोमीटर-मीटरसारखा असतो, फक्त वाढत जातो. एक्सपोर्टर (तिला आकडे पुरवणारा प्रोग्रॅम) शेवटचा चालू झाला तेव्हापासूनची ही बेरीज आहे. "आज किती" हवं असेल तर 'इन्क्रीज' फंक्शन लावून २४ तासांची वाढ काढायची, "वेग किती" हवा असेल तर 'रेट'. दोन्ही फंक्शन्स मधला रिस्टार्ट ओळखतात: आकडा अचानक खाली आला की मीटर शून्यापासून सुरू झालाय असं धरतात.

एक आधीच सांगून ठेवते. 'इन्क्रीज' लावल्यावर तुम्हाला ४१.३७ मेल असं काहीतरी दिसेल. घाबरू नका. नमुने ठरावीक सेकंदांनी घेतले जातात, खिडकीच्या दोन्ही कडांशी ते नेमके जुळत नाहीत, म्हणून प्रोमिथियस कडांपर्यंत अंदाजाने ताणतो. आमच्या एका मॅनेजरने मला खरंच विचारलं होतं की पॉइंट तीन सात मेल म्हणजे विषय गेला आणि मजकूर राहिला का.

तुमच्याकडे इतर दिवशी डिलिव्हर्ड साधारण किती येतं?

टपालहशील | मंगळवार, सकाळी ७:१५

आत्या, मागच्या दोन आठवड्यांचं काढलं. डिलिव्हर्ड रोज ६,२०० ते ६,४०० च्या दरम्यान. रविवारचं ९,६२० जास्त वाटतंय, पण प्रवेशाचा हंगाम आहे आणि रविवारी प्राचार्यांचं एक परिपत्रक गेलंय, त्यामुळे असेल. रिसीव्ह्ड मात्र रोजच्यासारखंच, ३,९०० च्या आसपास.

उसगावची_आत्या | मंगळवार, सकाळी ७:३१

मग १८,३७,००० भागिले ६,३००, म्हणजे साधारण २९० दिवस. एक्सपोर्टर मागच्या सप्टेंबरपासून एकदाही बंद पडलेला नाही. अभिनंदन.

टपालहशील | मंगळवार, सकाळी ७:३४

बरोब्बर! मागच्या गणपतीत लाइट गेली होती आणि यूपीएसनेही मान टाकली होती. तेव्हापासून चालूच आहे. तुम्ही ज्योतिष बघता का?

पाटकरी | मंगळवार, सकाळी ८:०५

मला यातलं ओ की ठो कळत नाही. पाटबंधाऱ्यात नोकरी झाली, आकडे बघून आत आलो. पण तुमचं हे आमच्यासारखंच दिसतंय. धरणावर आम्ही तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहितो: आवक, विसर्ग आणि साठा. आवक-विसर्ग क्युसेकमध्ये (सेकंदाला घनफूट), साठा टीएमसीत (अब्ज घनफूट). पेपरवाले आणि नवे इंजिनिअर दोन्ही एकमेकांत मिसळतात. ११,५७४ क्युसेक २४ तास सोडलं की १ टीएमसी होतो, हे पाठ करून ठेवावं लागतं. तुमच्या १८ लाखांच्या चौकटीत बहुतेक हंगामाचा एकूण विसर्ग आहे आणि साहेबांना आजचा हवाय. मग साठा कुठे दिसतो तुमच्यात?

रात्रपाळी | मंगळवार, सकाळी ८:४०

पाटकरी, एका प्रतिसादात आमचं अख्खं प्रशिक्षण आटोपलंत. तांत्रिक भाषेत आवक-विसर्ग म्हणजे काउंटर, साठा म्हणजे गेज. मेलमधला साठा म्हणजे रांग, म्हणजेच क्यू. काउंटर फक्त चढतो, गेज चढतो-उतरतो.

हे दोन्ही मिसळल्याचा एक किस्सा. माझ्या पहिल्या नोकरीत सर्व्हरचे आकडे एसएनएमपीने (यंत्रांकडून आकडे मागवायची पद्धत) उचलून आरआरडीटूल या आलेखाच्या साधनात भरायचे. आरआरडीत 'काउंटर' जातीचा आकडा आधीपेक्षा कमी आला की त्याला वाटतं मीटर भरून गोल फिरला, म्हणून तो ३२ बिटांची अख्खी फेरी, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६, मिळवतो. एका रात्री मेलची सेवा साधी रिस्टार्ट झाली. पाच मिनिटांचा नमुना. आलेखात सेकंदाला १ कोटी ४३ लाख मेल दिसले. बाकी वर्षभराची रेघ त्या एका सुळक्याखाली जमिनीला चिकटली. सकाळी साहेब म्हणाले, "काल रात्री फार ट्रॅफिक होतं वाटतं." तेव्हापासून असे आकडे मी 'डिराइव्ह' जातीत भरतो आणि किमान मर्यादा शून्य ठेवतो, उतार आला की तो नमुना अज्ञात धरला जातो, सुळका येत नाही.

जुनाजाणता | मंगळवार, सकाळी ९:५५

चहा झाला, आता बसून लिहितो. धागाकर्त्याच्या मूळ प्रश्नावर अजून कुणी आलेलंच नाही: ४,०१० की ९,६२०?

पहिली गोष्ट. एक मेल ५० जणांना पाठवला तर तो किती मेल? क्यूमध्ये शिरताना त्याची एकच ओळ पडते, तिच्यात एनआरसीपीटी=५० असतं. बाहेर पडताना स्टेटस=सेंटच्या ५० ओळी पडतात, दर माणशी एक. पीएफलॉगसम 'रिसीव्ह्ड'मध्ये पहिली मोजतं आणि 'डिलिव्हर्ड'मध्ये दुसऱ्या. म्हणजे एक आकडा पत्रांचा आणि दुसरा पत्त्यांचा. दोघांची वजाबाकी करून "मेल कुठे गेले" किंवा "कुठून जास्तीचे आले" असं विचारणारे लोक मी पाहिलेत. लग्नाच्या पत्रिका किती छापल्या आणि पंगतीला किती जण जेवले, यांची वजाबाकी कोण करतं?

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, कारण तुमच्याकडे अमॅविस आहे. तुमच्या सर्व्हरमध्ये मेल येतो, पोस्टफिक्स तो क्यूत घेतो, पोर्ट १००२४ वर अमॅविसच्या हातात देतो आणि लॉगमध्ये लिहितो: सेंट. अमॅविस तपासतो आणि १००२५ वर पोस्टफिक्सलाच परत देतो. पोस्टफिक्स त्याला नवा मेल समजून नवा क्यू-आयडी देतो आणि खऱ्या मुक्कामी पोचवतो. पुन्हा सेंट. प्रत्येक मेल दोनदा आत आला आणि दोनदा बाहेर गेला. रेल्वेच्या फाटकावर गाड्या मोजणाऱ्याने जाताना एक आणि येताना एक धरावी, तसं. पीएफलॉगसमची यात चूक नाही, त्याला समोर लॉग दिसतो तेवढंच तो मोजतो.

रिले (मेल पुढे कुणाला दिला) १२७.०.०.१, म्हणजे आपलंच यंत्र, आणि पोर्ट १००२४ असलेल्या ओळी वेगळ्या काढा. उरतील त्या खऱ्या पोचलेल्या. आणि दोन फेऱ्यांमधला फरक फेकून देऊ नका. पहिल्या फेरीत आहे पण दुसरीत नाही, तो मेल एकतर अमॅविसने अडवलाय किंवा अजून रांगेत उभा आहे. माझ्या दृष्टीने लॉगमधला सर्वात बोलका आकडा तोच.

जाता जाता: ऍलियस (एका नावाआडचे अनेक पत्ते) दोन्ही फेऱ्यांत उलगडत नाहीत ना, तेही बघा. पोस्टफिक्सच्या 'रिसीव्ह ओव्हरराइड ऑप्शन्स' या सेटिंगमध्ये एका बाजूला 'नो ॲड्रेस मॅपिंग्ज' नसेल तर एकच परिपत्रक प्राध्यापकांना दोनदा पोचतं आणि ते तुम्हाला फोन करतात. दोनदा.

खवट_म्हातारा | मंगळवार, सकाळी १०:१०

+१. (हे मी म्हटलंय यावर माझाच विश्वास बसत नाही.)

टपालहशील | मंगळवार, दुपारी १:२५

जुनाजाणता काका, दंडवत. जेवणाची सुट्टी खर्ची घालून वेगळं केलं.

रिसीव्ह्ड ४,०१०: पहिल्या फेरीत २,०९०, दुसऱ्या फेरीत १,९२०.

डिलिव्हर्ड ९,६२०: पहिल्या फेरीत ५,३२०, दुसऱ्या फेरीत ४,३००.

म्हणजे साहेबांना "रविवारी १,९२० मेल, ४,३०० पत्त्यांवर" सांगू ना? १७० मेल अमॅविसने खाल्ले असं धरतो. पण पत्त्यांमधला फरक १,०२० येतोय. १७० मेलना १,०२० पत्ते? स्पॅम तर बहुतेक एकेकट्याच्या नावावर येतो.

जुनाजाणता | मंगळवार, दुपारी २:०२

चांगलं पकडलंत. साहेबांकडे जाऊ नका अजून.

तुमच्या पहिल्या प्रतिसादातला एक आकडा रात्रीपासून डोक्यात होता: डिफर्ड ३१, डिफरल्स ११,८७२. डिफर्ड म्हणजे समोरच्या सर्व्हरने "आत्ता नको, नंतर या" म्हटलेले मेल. डिफरल्स म्हणजे असं किती वेळा म्हटलं. पोस्टफिक्स पहिल्यांदा ३०० सेकंदांनी परत जातो, मग थांबायचा काळ वाढवत ४,००० सेकंदांपर्यंत नेतो. पाच दिवस हेलपाटे घालतो, मग नाद सोडतो आणि पाठवणाऱ्याला परत करतो. बदल केले नसतील तर हेच आकडे असतात.

आता गणित. ४,००० सेकंद म्हणजे तासाहून थोडं जास्त, दिवसाला वीसएक हेलपाटे. ३१ मेलचे ६०० च्या घरात व्हायला हवेत. तुमचे ११,८७२ आहेत, म्हणजे मेलमागे ३८३. पोस्टफिक्सने दर पाच मिनिटांनी हेलपाटा घातला असता तरी दिवसाला २८८ च्या वर जाता येत नाही. याचा अर्थ एकच: त्या ३१ मध्ये असे मेल आहेत ज्यांना प्रत्येकी खूप पत्ते आहेत, आणि प्रत्येक हेलपाट्याला प्रत्येक पत्त्यामागे एक ओळ पडतेय.

'क्यूशेप डिफर्ड' चालवा, रांगेतले मेल किती वेळचे आहेत ते खणांत वाटून दाखवतं. मग 'क्यूशेप' ला '-एस' लावून पुन्हा. दोन्हीचं इथे चिकटवा, डोमेन झाकून.

टपालहशील | मंगळवार, दुपारी २:३०

पहिलं, साधं: एकूण ७४२. त्यात जीमेल ६९०. बहुतेक सगळे शेवटच्या, १२८०+ मिनिटांच्या खणात. ५ आणि १० मिनिटांचे खण रिकामे.

दुसरं, -एस लावून: एकूण ३१. त्यात २८ आमच्याच डोमेनचे.

मेल ३१ आहेत की ७४२? ही दोन्ही एकाच रांगेची मोजणी आहे ना?

रात्रपाळी | मंगळवार, दुपारी २:३८

एकाच रांगेची. साधं क्यूशेप पत्ते मोजतं, -एस लावलं की पाठवणारे मोजतं. एका मेलला पत्ते कितीही असतात, पाठवणारा एकच. म्हणून -एसची बेरीज म्हणजे मेलची संख्या.

आणि खण काय सांगतायत ते बघा. ५-१० मिनिटांचे खण भरलेले असते तर आत्ता कुणीतरी ढकलतंय असं झालं असतं. तुमचा लोंढा आधीच येऊन गेला, आता तळ्यात साचलाय.

आता विचारू नका, 'पोस्टक्यू -पी' (रांगेची यादी) काढा आणि त्या २८ मेलचे पाठवणारे बघा.

टपालहशील | मंगळवार, दुपारी ३:१०

२८ पैकी २६ एकाच पत्त्यावरून. आमचे ग्रंथपाल. ते दीड वर्षापूर्वी निवृत्त झाले. पेटी कुणी बंदच केली नव्हती (मीच). पासवर्ड संस्थेचं नाव आणि १२३.

लॉगमध्ये त्यांच्या नावाचे सॅसल लॉगिन (मेल पाठवण्यासाठी पासवर्ड देऊन केलेले) काढले. रविवारी सकाळी ८ च्या सुमारास पाऊण तासात ४० मेल, प्रत्येकी ५० पत्ते. २,००० पत्त्यांपैकी १,२६३ जणांना पोचलेत. विषय 'थकीत बिल'.

हात थरथरतायत. आधी काय करू?

जुनाजाणता | मंगळवार, दुपारी ३:१४

पासवर्ड बदला, खातं बंद करा, चालू सत्रं तोडा. मग 'पोस्टसुपर -एच' ने ते २६ मेल होल्डमध्ये टाका, लगेच पुसू नका, पुरावा लागेल. सगळी रांग एका झटक्यात पुसण्याची आज्ञा कुणी सुचवली तर ऐकू नका, तुमचे पाच खरे मेल त्यातच आहेत.

टपालहशील | मंगळवार, सायंकाळी ५:५०

केलं. होल्डमध्ये २६. रांगेत आता ५, तेही जातायत. साहेबांना सांगितलं. ते रागावले नाहीत, फक्त "मग रविवारी किती झाले?" असं परत विचारलं.

उसगावची_आत्या | मंगळवार, सायंकाळी ६:२०

सुटलात. आता सगळ्यांनी जरा मागे वळून बघा: रिसीव्ह्डच्या काउंटरने हे दाखवलंच नाही. ४० मेल, दोन फेऱ्या धरून ८०. ४,०१० मध्ये ८० म्हणजे दोन टक्के. त्या आलेखावर कुणीही इशारा लावला असता तरी तो वाजला नसता. पत्त्यांच्या काउंटरवर मात्र दीडपट उडी होती आणि आपण ती प्राचार्यांच्या परिपत्रकावर ढकलली. मीही ढकलली, २९० दिवसांच्या ज्योतिषात रमले.

मी इशारे असे लावते: पत्ते भागिले मेल हे गुणोत्तर, दर लॉगिनमागे तासाला किती पत्ते, आणि रांगेतला सर्वात जुना मेल किती वेळचा. एकूण आकडा फक्त भिंतीवर शोभेला. एक्सचेंज (मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर) वाल्यांकडे 'पॉइझन क्यू'चा वेगळा काउंटर असतो, ज्या मेलमुळे सेवाच कोसळते असे मेल तिथे बाजूला काढतात. तो शून्यावरून हलला की उठायचं, बाकी आलेख कितीही सुंदर असोत.

पाटकरी | मंगळवार, सायंकाळी ७:००

सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखाली ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ ला धोका पातळी. पण आम्ही नुसती पट्टी बघत नाही, वर कोयनेतून किती सोडलंय ते आधी विचारतो. पट्टीवर दिसेपर्यंत पाणी आलेलं असतं. तुमचं ते गुणोत्तर म्हणजे वरचा विसर्ग दिसतोय.

वैतागलेला_वाचक | मंगळवार, सायंकाळी ७:१२

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

रात्रपाळी | मंगळवार, रात्री ९:३०

वेगाला बांध घालायचा तर एक खाचखळगा. पोस्टफिक्समधला अॅन्व्हिल नावाचा मोजणीचा भाग दर ६० सेकंदांचा हिशोब ठेवतो आणि 'एसएमटीपीडी क्लायंट रिसिपियंट रेट लिमिट' त्याच्यावर चालतं. मूळ मांडणीत ते शून्य असतं, म्हणजे मर्यादाच नाही. आणि लावलं तरी ते आयपीमागे मोजतं, माणसामागे नाही. शिवाय तुमच्या 'मायनेटवर्क्स'मधल्यांना (विश्वासातले धरलेले आयपी) सूट. कॉलेजचा अख्खा कॅम्पस एका आयपीमागे असेल तर निरपराध अडकतील, आणि चोर दहा आयपीवरून आला तर सुटेल. लॉगिनमागे मोजायचं तर पॉलिसी सर्व्हर (मेल घ्यायचा की नाही ते पोस्टफिक्सला सांगणारा वेगळा प्रोग्रॅम) लागतो, किंवा आरस्पॅमडी या स्पॅमगाळणीचं रेटलिमिट.

आणि आलेख सपाट झाला तर शांतता आहे असं समजू नका. आमच्याकडे एकदा पहाटे तीनला सगळे काउंटर शून्य वेगावर गेले. मी म्हटलं, चला, आज झोप. प्रत्यक्षात लॉगरोटेटने (जुना लॉग बाजूला ठेवून नवा उघडणारं साधन) फाइल बदलली होती आणि मोजणारा जुन्याच फाइलला कान लावून बसला होता. मेल धो धो चालले होते. तेव्हापासून "अर्ध्या तासात एकही मेल नाही" यालाही माझ्याकडे भोंगा आहे.

जुनाजाणता | मंगळवार, रात्री १०:४०

अवांतर, पण विषय निघालाच आहे तर.

मी सेंडमेल या जुन्या मेल सर्व्हरपासून यात आहे. त्यात 'मेलस्टॅट्स' नावाची आज्ञा होती. ती एका आकडेवारीच्या फाइलमधून वाचायची: प्रत्येक मेलरमागे (मेल पोचवायच्या मार्गामागे) किती आले, किती गेले, किती किलोबाइट, किती नाकारले. गंमत अशी की ती फाइल आधीपासून नसेल तर सेंडमेल ती स्वतः बनवायचा नाही, मुकाट्याने मोजणंच सोडून द्यायचा. सहा महिने "आपल्याकडे शून्य मेल" बघत बसलेला एक गृहस्थ मला माहीत आहे. तो इथे टंकतोय.

नंतर सनच्या मेसेजिंग सर्व्हरवर काम केलं, पुढे तो ओरॅकलकडे गेला. त्यात 'इम्सिम्टा काउंटर्स -शो' म्हटलं की प्रत्येक चॅनलचा (मेलच्या वाटेचा) तक्ता यायचा: रिसीव्ह्ड, स्टोअर्ड, डिलिव्हर्ड, सबमिटेड, अटेम्प्टेड, रिजेक्टेड, फेल्ड. आणि प्रत्येक ओळीत तीन रकाने शेजारी शेजारी: मेसेज, रिसिपियंट, ब्लॉक (मेलचा आकार). आज आपण दिवसभर ज्यावर डोकं खाजवलं, पत्रं की पत्ते, ते त्या माणसांनी तक्त्याच्या मांडणीतच सोडवून ठेवलं होतं. तो सर्व्हर पीएमडीएफ या जुन्या मेल सॉफ्टवेअरच्या घराण्यातला, आणि तिथले नेड फ्रीड म्हणजे माइमच्या (मेलला चित्रं, फाइली जोडायची पद्धत) मूळ कर्त्यांपैकी एक. मेल सर्व्हरने एसएनएमपीला कोणते काउंटर द्यायचे याचं मानकही त्यांच्या नावावर आहे, पहिलं १९९४ चं आरएफसी (इंटरनेटच्या मानकांचा दस्तऐवज) १५६६ आणि नंतर सुधारून २००० चं आरएफसी २७८९.

पण मला आवडायचं ते त्या काउंटर्सचं कागदोपत्री वर्णन. ते सामायिक मेमरीत असायचे आणि मेलच्या कामात जराही अडथळा नको म्हणून अगदी हलके ठेवलेले. मेमरीचा तो तुकडा मिळाला नाही? नोंद सोडून द्या. कुलूप लगेच मिळालं नाही? सोडून द्या. यंत्र बंद झालं? आकडे गेले. पुस्तिकेतच स्वच्छ सांगितलेलं: हे आकडे कल आणि तब्येत कळावी म्हणून आहेत, काटेकोर हिशोब हवा असेल तर लॉग वाचा. किती सॉफ्टवेअरवाले आपल्याच आकड्यांबद्दल इतकं खरं बोलतात?

तर टपालहशील, साहेबांचा प्रश्न हिशोबाचा आहे. ग्राफानाला विचारू नका, लॉगला विचारा.

उसगावची_आत्या | मंगळवार, रात्री ११:१५

आणि जीमेलचा ५,००० चा नियम. तो फेब्रुवारी २०२४ पासून आहे. २४ तासांत वैयक्तिक जीमेल पत्त्यांवर ५,००० च्या आसपास किंवा जास्त मेल एका मूळ डोमेनकडून गेले की ते डोमेन 'बल्क सेंडर' धरलं जातं. सबडोमेनचे आकडे त्याच मूळ डोमेनच्या खात्यात. एकदा धरलं की कायमचं, दुसऱ्या दिवशी दहाच पाठवले तरी शिक्का पुसत नाही. मग एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क (मेल खरंच त्या डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या नोंदी) तिन्ही लागतात, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवाव्या लागतात.

मोजताना रिलेच्या नावावरून मोजू नका. गुगलकडे स्वतःचं डोमेन ठेवलेल्या कंपन्यांचे मेलही गुगलच्याच सर्व्हरवर जातात, ते या ५,००० मध्ये येत नाहीत. पत्त्याच्या शेवटी जीमेल डॉट कॉम आहे का ते बघून मोजा, आणि फक्त दुसरी फेरी.

५,००० च्या खाली असलात तरी एसपीएफ आणि डीकिमपैकी एक तरी हवंच, ते सगळ्यांना लागू आहे.

टपालहशील | बुधवार, दुपारी १२:४०

मोजलं. फक्त दुसरी फेरी, फक्त जीमेलचे पत्ते, फक्त आम्ही पाठवलेले. मागच्या दोन आठवड्यांत कधीच ७०० च्या वर नाही. रविवारी, म्हणजे चोरीच्या दिवशी, १,७०० च्या आसपास. म्हणजे शिक्का बसला नाही. डीकिम बसवलेलं होतं, डीमार्क नव्हतं, तेही आज डीएनएसमध्ये टाकलं.

निवृत्त लोकांची यादी आस्थापनेकडून मागवली. १९ पेट्या निघाल्या. एक तर २०१६ पासूनची.

साहेबांना एका कागदावर लिहून दिलं: रोजचे मेल साधारण १,८८०, ते पोचतात ३,०४० च्या आसपास पत्त्यांवर, त्यातले जीमेलवर ७०० च्या आत, रांगेत नेहमी ५ ते १० उभे. त्यांनी शांतपणे वाचलं, मान हलवली आणि म्हणाले, "बरं, पण मीटिंगच्या टिपणात एकच रकाना आहे. किती लिहू?"

खवट_म्हातारा | बुधवार, दुपारी १२:५२

'पुष्कळ' लिहा.

रात्रपाळी | बुधवार, दुपारी १:०५

टपालहशील, एक मिनिट. आकडे काढताना लॉगची चालू फाइल आणि .१ वाली (रोटेशनने बाजूला ठेवलेली जुनी) अशा दोन्ही एकत्र दिल्यात ना? तुमच्याकडे रोटेशन रविवारी पहाटे होत असेल तर त्या दिवसाचे पहिले काही तास जुन्या फाइलमध्ये राहिले असतील. लोंढा सकाळी ८ चा होता म्हणून तो सापडला. पहाटेचं बघितलंय का?

टपालहशील | बुधवार, दुपारी १:०९

नाही. बघतो.